दाराशी थांबणाऱ्या हिराबाई

प्रिय मीरा आणि ईशान,

रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी मिळून विचारलंत, "आजी, तुझ्या हॉलमध्ये एक छोटा कॅमेरा लावला तर काय बिघडलं? तू पडलीस तर आम्हाला लगेच कळेल." तुमचा बाबा मागे उभा राहून मान हलवत होता, म्हणजे प्रश्न मुळात त्याचा होता. मी नको म्हटलं. तुम्ही कारण विचारलंत, तेव्हा आमटी करपतेय असं सांगून फोन ठेवला. आमटी करपत नव्हती. कारण नीट सांगायला मला वेळ हवा होता. ते कारण म्हणजे एक माणूस आहे आणि ते गेल्या महिन्यात वारलं. म्हणून आता लिहिते. तुम्हाला अडेल तिथे बाबा वाचून दाखवेल.

आजीला यंत्रांचं वावडं आहे असं मात्र समजू नका. आमच्या इमारतीत कॅमेरे बसवणारी बाई मीच. विम्याच्या कचेरीत पस्तीस वर्षं फायली लावल्यावर निवृत्त झाले आणि सोसायटीची सेक्रेटरी झाले. मला गोष्टी जागच्या जागी आवडतात. तेव्हा पुढचं सगळं मी क्रमानेच सांगणार आहे.

हिराबाई तुम्हाला आठवतील. मे महिन्यात इथे यायचात तेव्हा तुम्ही त्यांची नक्कल करत घरभर हिंडायचात. दाराबाहेर थांबायचं, बांगड्या मागे सारायच्या, दोनदा खाकरायचं, जरा वेळ जाऊ द्यायचा आणि मग आत पाऊल टाकायचं. ईशान तर रिकाम्या बाथरूमबाहेरही खाकरायचा.

त्या पहिल्यांदा आमच्याकडे कामाला आल्या त्या दिवशी बेल वाजलीच नाही. बाहेर कोणीतरी खाकरलं. कुणी वयस्कर गृहस्थ आले असावेत असं वाटून तुमच्या आजोबांनी बनियनवर घाईघाईने शर्ट चढवला आणि दार उघडलं. समोर पन्नाशीची एक सडसडीत बाई उभी, आणि तीही दाराकडे पाठ करून.

"अहो, बेल आहे ना इथे," आजोबा म्हणाले.

"बेल दचकवती, दादा," त्या सावकाश वळून म्हणाल्या. "खाकरलं की माणूस सावरतं. तुमी शर्ट घातला का नाय?"

आजोबांनी शर्टाकडे पाहिलं. बटणं वरखाली लागली होती.

त्या घोटीच्या पुढच्या एका गावातल्या. भाताची शेती होती, तिचा मोठा तुकडा धरणात गेला, तेव्हा नवऱ्यामागे नाशकात सातपूरला आल्या. नवरा कारखान्यात होता, तो लवकर गेला. आमच्या इमारतीचे जिने त्या झाडत, आणि पाच घरची धुणीभांडी करत. त्या खाकरण्याबद्दल मी एकदा विचारलं, तेव्हा भांडी घासता घासता म्हणाल्या, "आमच्या घरात दोन खोल्या आन नऊ माणसं, ताई. आतल्या खोलीला दार नव्हतं. खाकरणं हेच दार. सासरा कधी खाकरल्याबिगर चुलीपाशी आला नाय."

"पण खाकरायचे ते पुरुष. तुम्ही कशा शिकलात?"

"का? बाप्यांना सावराया लागत नाय व्हय?"

त्या कपाट उघडतानाही फळीवर दोनदा बोट वाजवत. मी म्हटलं, "हिराबाई, आता झुरळांनाही का?" त्यावर म्हणाल्या, "त्यांचीबी पोरंबाळं हाईत. पळू द्या की."

तुमचे आजोबा गेले, त्यानंतर महिनाभराने एका सकाळी मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होते. बाहेरून खाकरण्याचा आवाज आला. मी आवरू शकले नाही. पुन्हा खाकरणं नाही, हाक नाही, काही नाही. दहा-बारा मिनिटं गेली असतील. मी तोंड धुतलं, चहा टाकला, आणि पातेल्याचा आवाज झाल्यावरच त्या आत आल्या. माझ्या चेहऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "दोडके आणलेत का? शिरा टाकू नका, चटणी करू." त्या सकाळबद्दल त्यांनी आजन्म एक शब्द काढला नाही. एवढं चांगलं सांत्वन माझं कुणी केलं नाही, आणि मला तर डबे भरून पत्रं आली होती.

आता कॅमेऱ्यांकडे येते. पार्किंगमधल्या गाड्यांतलं पेट्रोल चोरीला जाऊ लागलं म्हणून ते बसवले. फाटकावर एक, पार्किंगमध्ये दोन, आणि प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर एक. त्यांत आवाज येत नसे, फक्त चित्र. पंधरा दिवसांचं चित्रण साठायचं, मग जुन्यावर नवीन चढायचं. पेट्रोल जायचं थांबलं. सभेत माझं अभिनंदन झालं.

बाकी काय काय थांबलं, ते मला हळूहळू कळलं. तळमजल्याच्या पायऱ्यांवर दुपारी चारला बायका मेथी निवडायला बसत, त्या उठल्या. कुणी मनाई केली नव्हती. "उगाच आपलं सगळं त्यात येतं," एवढंच म्हणाल्या. सकाळी दुसऱ्याच्या कुंडीतली जास्वंदीची फुलं गुपचूप तोडणं बंद झालं, आणि "अहो, घ्या की चार" असं हसत म्हणणंही बंद झालं. पूर्वी चेंडूने काच फुटली की मुलं अर्धा तास गप्प बसायची, मग एखादी रडवेली मूर्ती येऊन "आजी, माझ्याकडून झालं" म्हणायची. आता विचारलं की एकसुरात उत्तर, "कॅमेऱ्यात बघा ना, आजी!" कबूल करायचं काही उरलंच नाही. भांडणातही लोक एकमेकांकडे बघायचे सोडून छताकडे बोट दाखवू लागले. "सगळं आहे बरं का त्यात!"

हिराबाई पहिल्या दिवशी कॅमेऱ्याखाली उभ्या राहिल्या, पदर नीट केला, आणि मान वर करून बराच वेळ पाहिलं.

"हा कोणाकडं बघतो, ताई?"

"सगळ्यांकडे."

"आन ह्याच्याकडं कोण बघतं?"

"मी. सेक्रेटरी म्हणून."

"मग तुमचं लय काम वाढलं," त्या काळजीने म्हणाल्या. थोडं झाडून पुन्हा थांबल्या. "ह्याला खाकरता येत नाय ना?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत. त्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणायचो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांच्या मुलीला विचारूनच हे लिहिते आहे, आणि नाव गाळावं एवढंच तिने सांगितलं. खळ घातलेली सुती साडी, पिन लावलेला पदर, आणि एका नजरेत समोरच्याला ताठ उभं करण्याची ताकद. त्या जिन्यात दिसल्या की आमचा वॉचमन टोपी सरळ करायचा. खरं सांगायचं तर मीही पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची. त्या एकट्या राहत, मुलगी पुण्याला. हिराबाई त्यांच्याकडेही काम करत.

पहिल्या मजल्यावर निखिल, त्याची बायको आणि आठ वर्षांची रेवा. निखिल संगणकावर काम करणारा, हुशार, भला माणूस. हे आधीच सांगते, कारण पुढे तो तुम्हाला तसा वाटणार नाही. रेवा छान पळायची. शाळांच्या शर्यतीसाठी तिला नवे बूट आणले होते, ते दाराबाहेरच्या रॅकवर असत आणि फक्त रविवारी सरावाला घातले जात. एका शुक्रवारी रेवाच्या आईच्या लक्षात आलं की बूट नाहीत.

निखिलने माझ्याकडून पासवर्ड घेतला आणि शुक्रवारपासून मागे मागे जात चित्रण पाहिलं. गुरुवारी दुपारी तीनला त्याला हिराबाई दिसल्या. रॅकसमोर वाकलेल्या, एका हातात उघडी कापडी पिशवी, दुसऱ्या हातात रेवाची सँडल. तो तिथेच थांबला. ते चित्र त्याने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "आपण ज्यांच्यावर विश्वास ठेवतो ते."

संध्याकाळपर्यंत पाचांपैकी तीन घरांनी हिराबाईंना येऊ नका म्हणून सांगितलं. जिने झाडायचं काम सोसायटीचं, त्यामुळे त्याचा निर्णय पुढच्या रविवारच्या सभेत व्हायचा होता. मी त्यांना विचारलं.

"हिराबाई, बूट घेतलेत?"

"नाय घेतले."

"मग पिशवी घेऊन रॅकपाशी काय करत होतात?"

त्यांनी खाली पाहिलं. "ते मला सांगता यायचं नाय, ताई."

मला रागच आला. सांगितलं तर सुटतील, नाही सांगितलं तर सगळं जाईल. आमची पाच घरं आणि आमचे जिने एवढंच त्यांचं काम होतं. चोर म्हणून एका इमारतीतून निघालेल्या बाईला आमच्या गंगापूर रोडवर दुसऱ्या इमारतीत कुणी उभं करत नाही. हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, आणि तरी त्या केर भरत होत्या, कोपऱ्यातलाही सोडत नव्हत्या.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. वही घेतली, रकाने आखले, आणि रोज दुपारी जेवणानंतर बसून चित्रण पाहिलं. पहिल्या दिवसापासून पुढे, आणि सगळ्या मजल्यांचं. निखिलने एकच मजला पाहिला होता, आणि तोही उलटा.

सोमवारी दुपारी दोन वाजता तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या. पदराला पिन, हातात पट्टी. त्या जिन्याने खाली उतरल्या. पहिल्या मजल्यावर आल्या, रेवाच्या रॅकसमोर उभ्या राहिल्या आणि पट्टीने बुटांकडे बोट दाखवून कुणाला तरी काही बोलल्या. समोर कुणीच नव्हतं. मग त्यांनी ते नवे बूट उचलले, छातीशी धरले आणि वर निघून गेल्या.

मी चित्र थांबवलं. उठून पाणी प्यायले. पुन्हा बसले.

हे रोज होत होतं. त्यांच्या मनात दुपारी शाळा भरत असावी. वर्गाबाहेर मुलांनी वेड्यावाकड्या टाकलेल्या चपला त्या गोळा करत. कधी एका मजल्यावरच्या, कधी दुसऱ्या. आणि रोज तासाभराने हिराबाई पिशवी घेऊन मॅडमच्या घरातून निघत आणि ज्याची त्याची जोडी ज्याच्या त्याच्या दाराशी ठेवून येत. मुलं शाळेतून यायच्या आत. गुरुवारी तीन वाजता सँडल पिशवीत जात नव्हती. पिशवीतून निघत होती. थांबवलेल्या चित्रावरून ते कळायला मार्ग नव्हता.

पण मला सांगायचं आहे ते याच्याही पुढचं आहे. मॅडम चपला गोळा करत असताना हिराबाई बहुतेक वेळा जिन्यातच असत, झाडू हातात घेऊन. आणि मॅडमचं दार उघडलं की त्या झाडू खाली ठेवत, भिंतीकडे तोंड करत आणि तशाच उभ्या राहत. मॅडम जाऊन परत येईपर्यंत. दोन मिनिटं, पाच मिनिटं, एकदा अकरा मिनिटं. मी घड्याळ लावून मोजलं. मॅडम पडल्या तर ऐकू यावं इतक्या जवळ, आणि आपण पाहिलं असं त्यांना वाटू नये इतक्या पाठमोऱ्या. हिराबाईंना ठाऊक होतं की वर कॅमेरा आहे. त्या रिकाम्या जिन्यात त्यांना बघणारं तेवढंच होतं, आणि त्याच्यासाठी त्यांनी आपलं काहीही बदललं नव्हतं.

शेवटच्या दुपारी मी दुसऱ्या मजल्याचं, म्हणजे आपल्या मजल्याचं चित्रण लावलं. त्यात मी होते. भाजी घेऊन वर येताना दाराअलीकडे थांबलेली, कुलूप उघडायच्या आधी शेजारी कुणी असल्यासारखी बोलत. माझे ओठ स्पष्ट हलत होते. आजोबांशी असं बोलते हे मला स्वतःला माहीत नव्हतं, मुलांनो. आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, जिन्याच्या वळणावर, भिंतीकडे तोंड करून हिराबाई उभ्या होत्या. माझं बोलणं संपेपर्यंत.

मी मागचा दिवस लावला. त्याच्या मागचाही. रोज.

मोठी देवळं पाहिली, हिमालय पाहिला, तुमच्याकडचा समुद्र पाहिला. तशी मी भारावून कुठे गप्प झाले नव्हते.

शनिवारी मी रिक्षा करून सातपूरला त्यांच्या खोलीवर गेले. दाराशी पोचले आणि काय सुचलं कोण जाणे, दोनदा खाकरले. आतून हसण्याचा आवाज आला. "या ताई, या. सावरलेय मी."

मी चहाला थांबले नाही, सरळ म्हटलं, "मी सगळं पाहिलं. उद्या सभेत लावते. पाच मिनिटांत तुमचं नाव स्वच्छ होईल."

त्यांचा चेहरा उतरला. "नका लावू."

"अहो, चोर म्हणताहेत तुम्हाला!"

"म्हणू द्या. मॅडमना वेडी म्हणतील, त्याचं काय?"

"खरं आहे ते सांगायला नको का, हिराबाई?"

"ताई, माझं नाव गेलं तर मी धा वर्षं राबून परत मिळवीन. हातपाय हाईत माझे. त्यांचं गेलं तर परत मिळवाया त्यांच्याकडं दिवस कुठायत?" मग म्हणाल्या, "निम्म्या नाशकाला शिकवलंय त्यांनी. सगळ्यांनी त्यांना ताठ बघितलंय. तसंच राहू द्या."

घरी येताना मला माझंच शिक्षण टोचत होतं. खरं ते खरं, पुरावा तो पुरावा, यावर माझी सगळी नोकरी झाली. ही बाई म्हणत होती की पुरावा हातात असूनही तो न दाखवणं हेही एक काम असतं, आणि ते करण्याची किंमत ती स्वतः भरणार होती. मला ती भरू द्यायची नव्हती. आणि तिचा शब्दही मोडायचा नव्हता.

रविवारी तळमजल्यावर खुर्च्या मांडून सभा भरली. मॅडम सभांना कधीच येत नसत, तेवढं बरं झालं. हिराबाई फाटकाशी उभ्या होत्या. मी उठून सांगितलं, "मी पंधरा दिवसांचं चित्रण पाहिलं आहे. हिराबाईंनी चोरी केलेली नाही."

"मग कोणी केली?" निखिलने विचारलं.

"कुणीच नाही."

"काकू, तुमच्याबद्दल आदर आहे, पण असं कसं? दाखवा ना. लावा इथे. त्यासाठीच तर कॅमेरे बसवले आपण."

दोघातिघांनी "लावा, लावा" म्हटलं. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. मी म्हटलं, "लावायचं तर एक तुकडा लावणार नाही. एका तुकड्याने काय झालं ते आपण पाहिलं. पंधरा दिवस लावते, सगळे मजले. आपण सगळेच आहोत त्यात. मीसुद्धा. भिंतीशी बोलताना दिसते मी. आधी दहा मिनिटं देते. ज्यांना आठवायचंय त्यांनी आठवून घ्यावं. मग सांगा, लावते."

धमकी द्यायची नव्हती मला, खरंच नव्हती. पण पोचली ती तशीच. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, जे रोज कामावरून आल्यावर घरात जाण्याआधी पाऊण तास जिन्यात डोकं धरून बसत, ते चपलेच्या अंगठ्याकडे बघू लागले. एका सुनेने डोळे मिटले. ती लिफ्टमधून बाहेर आली की डोळे पुसूनच बेल वाजवायची. यातलं एकही पाप नव्हतं. माणसं नुसती एकटी असताना कशी असतात ते होतं. दहा मिनिटं पुरी व्हायच्या आत कुणीतरी म्हणालं, "काकूंनी बघितलंय ना? मग झालं." हात वर झाले. जिने हिराबाईच झाडणार असं ठरलं.

निखिलने मात्र हात वर केला नव्हता. "बूट कुठे आहेत, एवढंच विचारतो," तो म्हणाला. ते रास्तच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई आणि मी मॅडमकडे गेलो. सकाळी त्यांचं डोकं अगदी स्वच्छ असे. हिराबाई जमिनीवर त्यांच्या पायाशी बसल्या.

"मॅडम, लेकीला बोलवून घेऊ का पुण्याहून? तुमी विसराया लागलात."

मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला माहीत आहे, हिरा. दुपारचं मला काही आठवत नाही." मग हिराबाईंकडे वळून विचारलं, "मी काय करते ग दुपारी?"

हिराबाई म्हणाल्या, "शाळा घेता, मॅडम."

"व्यवस्थित घेते?"

"लय व्यवस्थित."

मॅडमनी स्वतःच पुण्याला फोन लावला. आणि कंबरेची किल्ली काढून हिराबाईंच्या हातात दिली. कुलूपबंद कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट होते. म्हणूनच ते एवढेच हिराबाईंना परत करता आले नव्हते. कागदाला टाचणीने चिठ्ठी लावलेली, फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात: "बूट जप्त. पालकांनी समक्ष येऊन भेटावे."

चिठ्ठीचं काय करायचं, मी म्हटलं. हिराबाई म्हणाल्या, "ते सायबांना दाखवू. बाप हाय तो. बाकी कुणाला नको." मॅडमना विचारलं, तर त्यांनी चिठ्ठी वाचली, आपलं अक्षर ओळखलं, आणि मान हलवली.

निखिलने चिठ्ठी दोनदा वाचली. हिराबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.  फक्त म्हणाला, "कधी येऊ?"

"दुपारी दोनला," हिराबाई म्हणाल्या. "शाळा भरली की."

अर्ध्या दिवसाची रजा काढून, इस्त्रीचा शर्ट घालून निखिल शाळेतून लवकर आणलेल्या रेवाला घेऊन तिसऱ्या मजल्यावर उभा राहिला. मॅडमनी दार उघडलं, हातात पट्टी. सकाळचं भान त्यांच्या डोळ्यांत नव्हतं.

"तुम्ही पालक?"

"हो, मॅडम."

"पायातलं काढलं की जोडीने ठेवावं, हे घरी शिकवायचं असतं, का तेही शाळेनेच बघायचं?"

"चुकलं, मॅडम. आमच्याकडूनच राहिलं."

"आणि तुला ग? पळताना पहिला नंबर हवा, आणि बूट असे टाकायचे?"

रेवाने बापाकडे पाहिलं. मग हात मागे बांधून म्हणाली, "नाही टाकणार, मॅडम."

मॅडमनी आतून बूट आणून तिच्या हातात ठेवले आणि तिच्या डोक्यावर पट्टी अगदी हळूच टेकवली. मी जिन्यात उभी होते. हिराबाई भिंतीकडे तोंड करून होत्या. या वेळी मीही वळले.

खाली आल्यावर निखिल हिराबाईंसमोर थांबला.  "मावशी, मी... ते चित्र..."

"तुमी उलटं बघितलं, सायेब," त्या म्हणाल्या. "उलटं बघितलं का देणारा घेणारा दिसतो. व्हतं असं. पोरीला बूट घालून बघा, पाय वाढला असंल."

ते चित्र त्याने ग्रुपवरून काढलं आणि तिथेच सर्वांसमोर माफी मागितली. मॅडमबद्दल त्याने घराबाहेर कधी चकार शब्द काढला नाही. तीन घरांनी हिराबाईंना परत बोलावलं. त्या दोन घरी गेल्या. तिसऱ्या घराला म्हणाल्या, "आता येळ नाय," आणि तो वेळ त्या मॅडमजवळ बसू लागल्या. मुलगी दोन महिन्यांनी मॅडमना पुण्याला घेऊन गेली. तिथे त्या दोन वर्षांपूर्वी वारल्या, शेवटपर्यंत ताठ. हिराबाईंचे गुडघे गेल्यावर त्या गावी परतल्या, आणि गेल्या महिन्यात झोपेतच वारल्या. मी घोटीला उतरून गेले होते. लोक पुष्कळ होते.

सभेचं इतिवृत्त लिहिणं माझं काम होतं. बूट मिळाल्यावर मी वहीत दोन वाक्यं लिहिली आणि हिराबाईंना बोलावून वाचून दाखवली. "पहिल्या मजल्यावरील बूट सापडले. चोरी झालेली नव्हती."

त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. "मॅडमचं नाव नाय ना त्यात?"

"नाही. तुमचंही नाही."

"मग बरोबर हाय."

त्या पंधरा दिवसांवर पुढचे पंधरा दिवस चढले. आता त्यातलं एकही चित्र कुठे नाही. वही माझ्या कपाटात वरच्या खणात आहे, आणि ती दोन वाक्यं तशीच आहेत. हॉलमध्ये कॅमेरा मात्र नको, त्याला खाकरता येत नाही.

तुमची,
आजी